पोरीने हुक्का ओढला, हृदयाला कितपत धोका? (वय १६, खो-खो खेळते)

सायलेन्सर
रविवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी इथे गाड्यांच्या धाग्यांवर लिहितो, काही जण ओळखत असतील. आजचा विषय वेगळा आहे आणि लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

सांगलीत माझं पीयूसी सेंटर आहे. बावीस वर्षं झाली. सकाळी नऊ ते रात्री आठ लोकांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि आकडा बघायचा, हाच धंदा. पोरगी अकरावीत आहे. खो-खो खेळते, कुमारी गटात. तिला पळताना बघायला मी दुपारचं शटर ओढून जातो, यावरून काय ते समजा.

मागच्या रविवारी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. मैत्रिणीचे आईवडील कराडला लग्नाला गेलेले, घरात चौघी पोरी. सव्वापाचला फोन आला, "काका, ही पडली, लवकर या." गाडी काढून सात मिनिटांत पोचलो. दार उघडल्याबरोबर आधी वास आला. उदबत्तीचा नव्हे, धुपाचाही नव्हे, बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांचा येतो तसला गोडुस वास. एसी चालू, खिडक्या गच्च बंद, पडदे ओढलेले. पोरगी बाथरूमच्या उंबऱ्यात डोकं धरून बसलेली, पुढ्यात ओकारी. मनगट धरलं तर नाडी इतकी पळत होती की मोजता येईना. मला वाटलं पित्त, नाहीतर उपाशीपोटी राहिली असेल.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, ९९ आला. सिस्टर म्हणाल्या, ऑक्सिजन झकास आहे. पोरगी म्हणते ॲसिडिटी. मी पण म्हणतो ॲसिडिटी. तिथे एक अगदी तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी विचारलं, घरी गॅस गिझर आहे का? कोळशाची शेगडी वगैरे? मी नाही म्हणालो, आणि मागे उभी असलेली मैत्रीण रडायलाच लागली. मग सगळं बाहेर आलं. मनगटातून रक्त घेतलं, थोड्या वेळाने कागद आला. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन १८.६ टक्के.

त्या शब्दातला पहिला अर्धा भाग मी बावीस वर्षं लोकांना छापून देतोय. कार्बन मोनॉक्साइड. तोच आकडा, फक्त या वेळी गाडी आमच्या घरची होती.

चारपाच तास ऑक्सिजनचा मास्क लावला. ईसीजीत ठोके १३२, बाकी ठीक. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) नॉर्मल. दुसऱ्या दिवशी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केली, तीही नॉर्मल. घरी आलो.

आता कळतंय की गणपतीपासून हे दर रविवारी चालू होतं. ऑनलाइन मागवलेला हुक्का, नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि पाकिटावर "हर्बल, तंबाखूविरहित". पोरगी मला समजावते, "पप्पा, धूर पाण्यातून येतो ना, फिल्टर होतो." खरं सांगतो, मलाही क्षणभर पटलं. आपल्याकडे पाण्यातून गेलेलं ते शुद्ध, असं डोक्यात बसलेलंच असतं.

दिवाळीनंतर तिचे सर सांगत होते, हिची पळती कमी झालीय. आधी दोन-अडीच मिनिटं हातात न सापडणारी पोरगी दीड मिनिटाला धापा टाकत बाद होते. मी म्हटलं अकरावी सायन्सचा ताण असेल.

विचारायचं ते असं: हृदयावर कायमचं काही बसतं का? इको नॉर्मल म्हणजे सुटलो? पुन्हा मैदानात कधी उतरवू? आणि तंबाखू नसेल तर खरंच कमी धोका का? डॉक्टरांना हे सगळं त्या वेळी विचारायचं सुचलं नाही. मिसेस बोलतच नाहीयेत, पोरीशीही नाही आणि माझ्याशीही नाही.

रात्रपाळी
सोमवार, पहाटे २.१५

सायलेन्सर, मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. ड्युटीवर आहे, मध्येच उठावं लागलं तर तुटक वाटेल.

पहिली गोष्ट, त्या डॉक्टरीणबाईंना एकदा पेढे नेऊन द्या. बोटाचा चिमटा रक्ताचा रंग बघून आकडा सांगतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडक असतं. साध्या चिमट्याला दोन्ही सारखेच. म्हणून ९९ आला. धमनीतलं रक्त घेऊन तपासायचं त्यांना सुचलं नसतं तर तुम्ही पित्ताची गोळी घेऊन घरी आला असता. थंडीत गॅस गिझरच्या केसेस येतात, त्यामुळे तो प्रश्न आमच्या तोंडात असतो. हुक्क्याचा प्रश्न अजून सगळ्यांच्या तोंडात नाही.

आता हृदय. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. तिचं १८.६ म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा रक्त नुसतं फिरत होतं, कामाचं नव्हतं. शिवाय उरलेलं हिमोग्लोबिनही हातातला ऑक्सिजन सहज सोडत नाही. इतर अवयव विश्रांतीत आलेल्या रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन काढून घेतात, वेळ पडली तर जास्त काढतात. हृदयाच्या स्नायूला ती सोय नाही. तो बसल्या जागीच सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतो, मागे शिल्लक ठेवतच नाही. त्याला जास्त हवा असेल तर एकच रस्ता, जास्त रक्त. आणि धुरात निकोटिन असेल तर नेमक्या त्याच वेळी ते ठोके आणि रक्तदाब दोन्ही वर नेतं, म्हणजे कामही वाढवतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर एअर फिल्टरला चिंधी बांधायची आणि ॲक्सिलरेटर दाबून धरायचा.

बंद खोली, एसी, चौघी जणी आणि पेटता कोळसा. कोळशाचा धूर फक्त नळीतून येत नाही, वरून खोलीतही जातो. बाकीच्या तिघींना तपासलं का कुणी?

साध्या हवेत हा वायू चार-पाच तासांनी निम्म्यावर येतो, मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-सव्वा तासात. म्हणजे तो रक्तातून कधीच गेलाय, त्याची काळजी नको. पण एक विचारतो, ती पडली म्हणजे शुद्ध हरपली होती का? असेल तर पुढचे पाच-सहा आठवडे लक्ष ठेवा. विसरायला होणं, तोल जाणं, एकाएकी स्वभाव बदलणं, यातलं काहीही दिसलं तर परत दाखवा. काही रुग्णांत मेंदूवरचा परिणाम बरं वाटल्यानंतर काही दिवसांनी उमटतो.

कायमचं काही बसतं का, याचं उत्तर दोन तुकड्यांत देतो. इको नॉर्मल म्हणजे पंप ठीक आहे. पंपाच्या नळ्यांच्या आतल्या अस्तराबद्दल इको काहीच सांगत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये हुक्का आणि हृदय यावर एक सविस्तर निवेदन काढलं. त्यात आहे की प्रत्येक बैठकीनंतर ठोके आणि रक्तदाब वाढतात, रक्तवाहिन्यांच्या कामावर परिणाम होतो, आणि दीर्घकाळ ओढणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. सोळा वर्षांच्या मुलांना हार्ट ॲटॅक येत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अमेरिकेत १५ ते ३४ वयात अपघाताने वगैरे गेलेल्यांच्या शवविच्छेदनांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात त्या वयातच धमन्यांत चरबीचे पट्टे दिसले, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते जास्त होते. सुरुवात तेव्हाच होते, बिल फक्त पन्नाशीत येतं.

तरी घाबरू नका. चार महिन्यांच्या रविवारांनी कुणाच्या नळ्या बुजत नाहीत. आज थांबली तर या वयाचं शरीर बरंच भरून काढतं.

हर्बलचं सोपं आहे. तंबाखू नाही म्हणजे (पाकीट खरं बोलत असेल तर) निकोटिन नाही. कोळसा तोच, म्हणून कार्बन मोनॉक्साइड जवळपास तेवढाच, आणि टारही जवळपास तेवढंच. आणि पाण्यात कार्बन मोनॉक्साइड विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. पाणी मुख्यतः धूर थंड करतं. थंड धूर घशाला टोचत नाही, म्हणून छाती भरून ओढता येतो.

हे लिहीपर्यंत दोनदा उठलो. बाकी नंतर.

सायलेन्सर
सोमवार, सकाळी ८.०५

डॉक्टर, रात्री दोन वाजता एवढं लिहिलंत, उपकार झाले. शुद्ध गेली नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणते. बाकीच्या तिघींपैकी एकीचं डोकं दोन दिवस ठणकत होतं. त्यांच्या घरी आज कळवतो. इतके दिवस कळवलं नाही, लाज वाटली.

चौथा मजला
सोमवार, सकाळी १०.३०

काका, मी तेवीस वर्षांचा आहे. पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग आणि अडीच वर्षं हुक्का केला, म्हणून लिहितोय.

ती खोटं बोलत नाहीये. आम्ही सगळे खरंच असंच समजायचो. सिगरेट ओढणारी मुलं वेगळी आणि आम्ही वेगळे. सिगरेटचा वास कपड्यांना येतो, ओठ काळे पडतात, आईला कळतं. हुक्क्याला पान रसनाचा, मिंटचा वास. घरी गेलं की आई म्हणायची, काय रे, पान खाऊन आलास का? आणि ते एकट्याने करायचं नसतंच. मध्ये ठेवायचा, नळी फिरत राहणार, गप्पा चालू. तास-दीड तास कसा जातो कळत नाही. चिलीम भरणं, फॉइलला टाचणीने भोकं पाडणं, निखारे चिमट्याने फिरवणं, या कामांतही मान असतो. मी आमच्या फ्लॅटचा चिलीम भरणारा होतो. कॉलेजात माझी तेवढीच ओळख होती म्हणा ना.

आणि ती जी गरगर होते ना, डोकं हलकं होतं, आम्ही त्याला बझ म्हणायचो. चांगला कोळसा आणला की बझ जास्त. त्याचा अर्थ आता डॉक्टरांचं वाचून कळतोय. आम्ही ऑक्सिजन कमी झाल्याची मजा घेत होतो.

मी सोडलं कसं, तर काही थोर कारण नाही. दादाने वाढदिवसाला मनगटावरचं घड्याळ दिलं, झोपेत ठोके मोजणारं. एरवी रात्री ५८-६० असायचे. हुक्क्याच्या रात्री पहाटेपर्यंत ८० च्या खाली यायला तयार नाहीत. तीन शनिवार तेच बघितलं. त्यात एकदा सिंहगडाला पायथ्यापासून निघालो आणि निम्म्या वाटेत ताकवाल्या मावशींपाशी बसकण मारली. मावशी म्हणाल्या, "बाळा, आधी दम खा, मग ताक घे." त्या दिवसापासून हळूहळू सुटलं. सुटलं म्हणजे मित्रांचा तो फ्लॅट सुटला, खरं तर. हुक्का सोडणं अवघड नव्हतं, शनिवार संध्याकाळ रिकामी ठेवणं अवघड होतं.

तिला ओरडू नका, हे सांगायला आलो होतो. तिच्या रविवारचं काहीतरी बघा.

जुनं खोड
सोमवार, दुपारी १.१०

सगळी नवी भुतं. आमच्या पणजोबांची पितळी गुडगुडी अजून माळ्यावर आहे. रोज दुपारी वामकुक्षीआधी ओढायचे, नव्वदीत गेले. त्यांना कुणी हिमोग्लोबिन विचारलं नाही. पूर्वी वाड्यावाड्यांतून गुडगुडी असायची, पाहुण्याला पानसुपारीबरोबर पुढे करायचे. हल्लीची पोरंच नाजूक.

रात्रपाळी
सोमवार, दुपारी ३.४५

खोडबुवा, पणजोबा ओसरीवर बसून ओढायचे की एसी लावून खिडक्या बंद करून? आणि त्यांच्याबरोबरचे जे पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले, त्यांच्या गुडगुड्या कुणी माळ्यावर जपत नाही.

थोडं अवांतर. तंबाखू मुघल दरबारात पोचली ती आपल्या शेजारच्या विजापुरातून. असद बेग नावाचा अकबराचा वकील तिकडे गेला होता, तो १६०४ च्या सुमारास रत्नजडित नळी आणि तंबाखू नजराणा म्हणून घेऊन आला. अकबराने एकदोन झुरके घेतले आणि दरबारी हकीम आडवा आला, की या वनस्पतीबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, ही घेऊ नये. म्हणजे डॉक्टर नको म्हणतो आणि दरबार ओढतो, हे त्या दिवसापासून चालू आहे. हुक्क्याचा शोध अकबराच्याच दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने लावला अशी दंतकथा आहे. धूर पाण्यातून नेला की निर्धोक होईल, असा म्हणे त्याचा विचार. तो १५८९ मध्ये वारला, त्यामुळे या दोन गोष्टींचा मेळ काही बसत नाही. पण सायलेन्सर, तुमची मुलगी जे म्हणाली ते चारशे वर्षांचं जुनं वाक्य आहे, एवढं लक्षात घ्या.

आणखी एक. "एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी" हे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते अर्धवट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणात धुराच्या आकारमानाबद्दल ते होतं. तासाभराच्या बैठकीत शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो. निकोटिन शंभरपट जातं असा त्याचा अर्थ नाही. मुलांना फुगवून सांगितलं की ती एक चूक पकडतात आणि बाकीचं सगळं उडवून लावतात.

बरदुबईकरीण
सोमवार, संध्याकाळी ७.२०

इथे दुबईत शीशा म्हणतात, आणि तो चहाच्या टपरीइतका सर्रास आहे. अठराखालच्यांना तंबाखूचं काहीही विकायला कायद्याने बंदी आहे, ती कॅफेत पाळतातही. पण घरी? आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर शुक्रवारी रात्री कुटुंबंच्या कुटुंबं बसतात. बाप ओढतो, शेजारी पंधरा वर्षांचा मुलगा निखारे बदलून देतो, आणि हळूच एक झुरका त्यालाही मिळतो. अरब देशांत कितीतरी ठिकाणी शाळकरी मुलांत सिगरेटपेक्षा शीशा जास्त चालतो. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलांना त्यात काही चोरून करण्यासारखं वाटतच नाही.

त्यामुळे मी काय केलं, तर गच्चीचं आमंत्रण आलं की "आमच्याकडे या, मिसळ करते" म्हणते. सहा वर्षांत इतकी मिसळ केलीय की काही विचारू नका.

सायलेन्सरदादा, वहिनींशी आधी बोला. पोर नंतर बोलेलच.

कलम-दर-कलम
मंगळवार, सकाळी ९.००

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे कुणीतरी विचारणारच.

मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर आग लागून १४ माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्यांची ठिणगी हे कारण अग्निशमन दलाच्या अहवालात पुढे आलं होतं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने तंबाखूविरोधी केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. ती पार्लर चालवणाऱ्याला आहे, घरात ओढणाऱ्या पोराला नव्हे. "हर्बल" हा शब्द त्यानंतर जास्त दिसायला लागला, कारण कायदा तंबाखूचा आहे.

अल्पवयीनाला तंबाखूजन्य पदार्थ देणं हा बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि ते पेनासारखं बॅटरीवरचं ई-हुक्का प्रकरण २०१९ पासून देशभर बंद आहे, विकणंही आणि साठवणंही. चौघींपैकी कुणाच्या दप्तरात ते आहे का, तेही हळूच बघा. मोठा हुक्का जप्त झाला की मुलं तिकडे वळतात.

नववी
मंगळवार, दुपारी ४.३०

मी पंधरा वर्षं खो-खो खेळले, आता मुलींना शिकवते. पळती दीड मिनिटाला संपते याचं कारण पाय नसतात, दम असतो. खांबाला वळसा घालताना दम तुटला की पोरगी चौकटीत सरळ पळायला लागते, आणि सरळ पळणारीला नवख्या मुलीसुद्धा टिपतात. तिच्या सरांनी हे बरोबर पाहिलं होतं.

मैदानात कधी, हे डॉक्टरच सांगतील. आमच्याकडे आजारपणातून उठलेल्या मुलीला मी पहिला आठवडा नुसती चौकटीत बसवते. खो घ्यायचा, दोन पावलं टाकायची, खो द्यायचा. पळती शेवटी. आणि सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, नाडी मोजून वहीत लिहायला लावते. पूर्ण एक मिनिट. रोजच्यापेक्षा दहाने जास्त दिसली की त्या दिवशी सराव नाही. मुलींना वही आवडते. त्यात मार्क नसतात ना.

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ९.५०

नववीताई, वही झकास. सायलेन्सर, शुद्ध गेली नव्हती आणि तपासण्या ठीक आहेत, तर हृदयरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, ईसीजी परत काढून घ्या आणि ते म्हणतील तेव्हा हळूहळू सुरू करा. पळताना छातीत दुखणं, चक्कर, धडधड, यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं. सामना असला तरी.

सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला टोल फ्री नंबर आहे, १८००-११-२३५६. पैसे लागत नाहीत.

सायलेन्सर
पुढचा सोमवार, रात्री १०.१५

उशीर झाला. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी साफ, ठोके ७४. दोन आठवडे नुसतं चालायचं, मग बसून खो. वही सुरू झालीय. पहिल्या पानावर स्वतःचं नाव आणि खाली "वाहन क्रमांक" लिहून ठेवलंय, थट्टा माझीच. बाकीच्या तिघींच्या घरी जाऊन आलो. दोन घरी चहा मिळाला, एका घरी दारातूनच परत आलो.

एक प्रकार केला, तो सांगतो. डॉक्टर कदाचित रागावतील.

ते पाण्याचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तो हुक्का माझ्याकडेच होता. रविवारी सेंटर बंद असतं. पोरीला म्हटलं चल. शटर वर घेतलं, हुक्का बाहेर कट्ट्यावर ठेवला, चिलीम तिनेच भरली. तिचे हात ते काम किती सराईतपणे करतात ते बघून पोटात कालवलं, पण बोललो नाही. मशीन गरम केलं, झिरो घेतलं, लीक टेस्ट केली. ऑनलाइन नोंद वगैरे काही नाही, नुसतं मॅन्युअलवर. सायलेन्सरमध्ये घालतो ती नळी हुक्क्याच्या तोंडाशी धरली. मशीनला स्वतःचा पंप असतो, तो ओढायला लागला, आणि काचेत पाणी गुडगुड करायला लागलं. माझं मशीन हुक्का ओढत होतं.

सीओ आधी ०.०२, मग ०.०६, ०.११, आणि ०.१९ वर जाऊन रेंगाळला. टक्के बरं का. शनिवारी पास केलेल्या बीएस-६ गाडीने ०.०१ दाखवला होता. बीएस-४ (त्याआधीच्या निकषांच्या) पेट्रोल चारचाकीला आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, ०.३ पर्यंत माफ असतं. म्हणजे हुक्का पीयूसीत पास झाला असता. पण गाडीच्या सायलेन्सरला कुणी तोंड लावून तासभर बसत नाही.

मग काच काढली, पाणी गटारात ओतलं, कोरडाच जोडला आणि परत लावला. ०.२०. तेवढाच, म्हणा ना.

पोरगी स्क्रीनकडे बघत होती. म्हणाली, "परत एकदा पाणी घालून बघू या." घातलं. ०.१८. परत काढलं. तिने चार वेळा करायला लावलं, आणि शेवटी निखारे स्वतःच चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत टाकले. परत येताना गाडीत म्हणाली, शनिवारी तिच्या आईने विचारलं होतं, जेवायला काय करू. म्हणजे त्या दोघींचं बोलणं सुरू झालंय तर. माझ्याशी अजून नाही.

रात्रपाळी
पुढचा सोमवार, रात्री ११.३०

रागावलो नाही. मशीन त्यासाठी केलेलं नाही, मिनिटाला किती ओढतं त्यावर आकडा बदलेल, तो कुठे छापायला देऊ नका. पण ओला आणि कोरडा यांत फरक नाही, हे तुम्ही मला मेडिकल कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं तेवढं स्वच्छ दाखवलंत.

सायलेन्सर
मंगळवार, सकाळी ९.४०

छापत नाही. एक मात्र झालं. मशीनचा फिल्टर काकवीसारख्या चिकट रसाने बरबटला, नवा टाकावा लागला. जुना टाकून दिला तरी नळीत वास बसलाय. सकाळपासून तीन गाड्या झाल्या, आणि एक रिक्षावाले काका मघाशी विचारून गेले, इथे बडीशेपेच्या गोळ्या कुठे मिळतात.